अँप बदलला, स्पीकर बदलले… समाधान कधी?

हाय-फायच्या नादी लागलेला माणूस गाणं ऐकतो की यंत्र? स्वतःलाच विचारतोय, कारण हा रोग मलाही आहे. 😄

नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिलीत ना? ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश! तरी शास्त्रज्ञ थांबले नाहीत. रिसीव्हर बदलून त्यांनी ती अद्ययावत केली. फरक इतकाच, की नवीन यंत्राने काय साधणार याचं गणित ते आधी मांडतात. आपण आधी खरेदी करतो, मग फरक शोधत बसतो.

थोडं गणित आपणही करू:

🔹 अँपची (अ‍ॅम्प्लिफायरची) पॉवर दुप्पट केली, तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते.

🔹 तरुण कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढलं की ही वरची मर्यादा खाली येते. उंच स्वरांसाठीचा महागडा ट्वीटर त्याला काय करणार?

🔹 खोली सगळ्यात महत्त्वाची. लेण्याद्रीच्या बिनखांबी लेण्यात साधं बोलणंही घुमतं. आपल्या रिकाम्या सिमेंटच्या खोलीत तेच होतं. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांचं कपाट आणि भिंतीपासून थोडे पुढे ओढलेले स्पीकर, हा सर्वांत स्वस्त अपग्रेड.

मग समाधान मिळतं का? मिळतं. विठाबाई नारायणगावकरांची लावणी लागली आणि केबलचा विचारही मनात आला नाही, तो दिवस समाधानाचा.

तुमचा शेवटचा अपग्रेड कोणता? खरंच शेवटचा?