आधी फेस, मग फडकं

संग्रामपूरच्या काळ्या मातीतून गाडी घरी आली, की लगेच फडकं मारावंसं वाटतं. तो मोह आवरा. वाळलेल्या चिखलात बारीक खडे असतात. कोरडं फडकं फिरलं, की तेच रंगावर पॉलिश पेपरसारखे घासले जातात.

साधं पाणी दारावरून क्षणात ओघळतं. फेस मात्र बुडबुड्यांच्या जाळीत पाणी धरून मळ काही मिनिटं भिजत ठेवतो. फेस करणाऱ्या गाडीच्या शाम्पूच्या रेणूच्या एका टोकाला पाण्याची ओढ, दुसऱ्याला तेला-ग्रीसची. असे असंख्य रेणू मळाला वेढतात नि तो सुटून खाली घसरतो. फेस वाळायच्या आत धुवायचा, वरून खाली.

आता आपल्या भागाची खरी अडचण. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी क्षारांनी जड. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी अंगाच्या साबणाची गाठ पडली, की चोथा होतो, फेस धड येत नाही. गाडीच्या शाम्पूचं सहसा तसं होत नाही. पण शेवटचं पाणी उन्हात वाळलं, तर पाणी उडून जातं आणि क्षार काचेवर पांढरे ठिपके होऊन बसतात. साठवलेलं पावसाचं बादलीभर पाणी शेवटी ओता. त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते नसेल, तर गाडी सावलीत धुवा आणि लगेच मऊ कापडाने टिपून घ्या.