४ टीबीची डिस्क २ टीबीच का दाखवते?

मागच्या दिवाळीत दुकानात लग्नाचे एक फोटोग्राफर तणतणत आले. "दादा, चार टीबीचे पैसे घेतलेत आणि डिस्क दोनचीच दिलीत!" काउंटरवर आणखी दोन गिऱ्हाइकं उभी. विचार करा.

मी डिस्क मॅनेजमेंट उघडलं. २०४८ जीबीचं पार्टिशन आणि पुढे साधारण १६७८ जीबी 'अनअ‍ॅलोकेटेड'. म्हणजे डिस्क पूर्ण ४ टीबीचीच होती. त्यांच्या पोराने ती जुन्या एमबीआर पद्धतीने तयार केली होती, आणि एमबीआर साधारणपणे २ टीबीच्या पुढे जात नाही. इलाज जीपीटी. पण डिस्क मॅनेजमेंटमधून जीपीटी करायचं तर आधी पार्टिशन उडवावं लागतं, डेटा गेलाच! आत तीन लग्नं होती. आधी कॉपी काढली, मगच हात लावला.

नंतरही ३.६३ टीबीच दिसतं, हे विकतानाच सांगून टाका. कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने.

स्वस्तातल्या '१६ टीबी' पोर्टेबल डिस्कचं मात्र उलटं असतं. आकडा झकास दिसतो, आत मेमरी कमीच. रिकाम्या डिस्कवर एच२टेस्टडब्ल्यू चालवा. ते डेटा लिहून परत वाचून बघतं. तासन्‌तास लागतात. तरी असा माल मी टेस्ट केल्याशिवाय शेल्फवर ठेवत नाही.