बोंडूचा चोथा, जिवाणू आणि किराईत

पेडण्यात काजूचा हंगाम सरत आला की फेणीच्या भट्ट्यांजवळ बोंडूच्या चोथ्याचे ढीग साचतात. बोंडूचे वजन बीच्या पाच ते दहा पट, त्यामुळे रस फेणीला गेल्यावरही बराच माल उरतो. फळाचा कचरा म्हणजे आयते खत, हा त्याबद्दलचा एक समज. जिवाणू-खताचे पाकीट टाकले की बाकी काही लागत नाही, हा दुसरा. किराईत, म्हणजे काळमेघ, लावणाऱ्याला दोन्ही महागात पडतात. ओल्या चोथ्यात साखर आणि तंतू भरपूर, नत्र कमी. तो थेट मुळाशी पडला तर कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र उचलतात आणि रोप पिवळे पडते. माडाच्या आळ्यात चोथा घालून माडाला काही होत नाही, असे कुणी म्हणेल. खरे असेल, पण माडाची मुळे दूरवर पसरलेली असतात, पावसाच्या तोंडावर लावलेल्या कोवळ्या किराईताची नसतात. म्हणून शेण आणि गिरिपुष्पाचा पाला यांचे थर देऊन, ढीग अधूनमधून उलटून, तो निवून काळसर होईपर्यंत चोथा कुजवायलाच हवा.

पाकिटाचा हिशेबही इथेच जुळतो. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणू आम्ले सोडून त्यातले थोडे मोकळे करतात, पण त्यासाठी त्यांना सेंद्रिय कर्ब लागतो. उघड्या, तापलेल्या जमिनीत टाकलेले जिवाणू उपाशी मरतात. कुजलेल्या चोथ्यात ते तगतात, आणि ते खत स्वतःही स्फुरदाला जखडू देत नाही. जिवाणू-खते फसवी आहेत, हा आक्षेप निराधार नाही. सोव्हिएत संघात गाजलेल्या फॉस्फोबॅक्टेरिनचा फायदा अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसला नव्हता. मात्र त्यातून जिवाणू निरुपयोगी ठरत नाहीत. माती आणि जिवाणू यांची जोडी जुळावी लागते, एवढेच ठरते. ॲझोटोबॅक्टरला आम्लधर्मी माती मानवत नाही, तो इथे कशाला विकत घ्यायचा? आपल्याकडे २००६ पासून जैविक खते खत नियंत्रण आदेशाखाली आहेत आणि भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. मुदत उलटलेले, उन्हात ठेवलेले पाकीट या कसोटीला उतरेल, अशी आशा धरू नये.

शेवटचा समज सर्वांत घातक: पाला वाढला म्हणजे औषध वाढले. किराईताची किंमत त्यातल्या अँड्रोग्राफोलाइडवर ठरते, आणि ते फुलोऱ्याच्या सुमारास पानांत भरपूर असते. तेव्हा एक वाफा जिवाणूंशिवाय ठेवावा, जिवाणू घातलेल्या आणि न घातलेल्या दोन्ही वाफ्यांची कापणी एकाच दिवशी करावी, सुका पाला तोलावा आणि त्याचे नमुने प्रयोगशाळेत द्यावेत.