अकरा अंशांचं पाणी

जेराल्ड गार्डनर या इंग्रजाने १९४९ साली ‘हाय मॅजिक्स एड’ नावाची कादंबरी टोपणनावाने छापली. कथा काल्पनिक होती, पण त्यातले विधी त्याच्या मंडळीत चालणाऱ्या विधींवर बेतलेले होते. जादूटोण्याविरुद्धचा १७३५चा कायदा तेव्हा लागू होता, म्हणून कादंबरीचा आडोसा. कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४मध्ये त्याने ‘विचक्राफ्ट टुडे’ हे उघड पुस्तक लिहिलं. विका या आधुनिक पेगन पंथाचे विधी आधी गोष्टीतून बाहेर आले, हे वाचल्यापासून मला एकच बघायचं होतं: असे विधी स्वतः करणारं माणूस आज फँटसी लिहायला बसतं, तेव्हा नेमकं काय करतं?

त्यासाठी ब्रिस्टलहून बसने ग्लास्टनबरीला गेलो. टॉर टेकडीच्या पायथ्याशी डायन फॉर्च्यूनचं घर होतं, तीच ‘द सी प्रीस्टेस’ ही कादंबरी लिहिणारी, आणि ती इथल्याच दफनभूमीत आहे. मी ज्यांच्याकडे गेलो त्या लेखिका साठीच्या आहेत. एरवी त्या एकट्याने विधी करतात. त्यांच्या स्वयंपाकघरात छताला मगवर्टच्या जुड्या उलट्या टांगलेल्या होत्या. आपल्या दवण्याच्या कुळातली ही वनस्पती. तो कडवट, सुकत आलेला वास नाकात शिरला आणि चैत्रात देवळात वाहिलेला दवणा आठवला. पुढे त्या बोलत असताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या जुड्यांकडेच जात होतं.

“आधी पाण्यात उतरू,” त्या म्हणाल्या. चॅलिस वेलच्या बागेत लोहामुळे तांबूस दिसणारं झऱ्याचं पाणी एका उथळ कुंडात येतं. “अकरा अंश. उन्हाळा असो, हिवाळा असो, अकरा अंश.” बूट काढून आम्ही उतरलो. त्यांनी घड्याळ लावलं. आधी घोटे दुखले, मग दुखणं थांबलं, मग पाय आपले आहेत याची खात्री वाटेना. त्यांनी काठावर बसून वहीत लिहिलं: किती वेळाने काय झालं. ‘पवित्र’ हा शब्द त्या वहीत नव्हता. त्यांच्या नायिकेला एका प्रसंगात पाण्यात उभं राहून मंत्र म्हणायचा आहे. ती किती ओळी म्हणू शकेल आणि कुठल्या ओळीला तिचे दात वाजायला लागतील, हे त्यांना ठरवायचं होतं. “अकरा अंशांत कुणी लांबलचक भाषण करत नाही,” त्या म्हणाल्या.

विधीची बाकीची तयारी नेहमीचीच: वर्तुळ आखायचं, चार दिशांना आवाहन, मेणबत्त्या. कादंबरीत या सगळ्याला त्या एक वाक्य देतात. जिथे रेंगाळायचं तिथे मात्र रेंगाळतात. काळ्या मुठीची सुरी, अथामे, हिने प्रत्यक्ष काही कापायचं नसतं. त्यासाठी पांढऱ्या मुठीची वेगळी. म्हणून त्यांची नायिका भुकेने कासावीस असली तरी अथामेने पाव कापत नाही. हात सुरीपर्यंत जातो आणि मागे येतो. त्या हाताच्या हालचालीत मला श्रद्धा दिसली. दीक्षाविधीतले शब्द गुप्त ठेवण्याची शपथ असते, म्हणून तिथे पान सरळ पुढच्या सकाळीच उघडतं.

मग खरं काम. सॉमरसेटच्या सखल भागात २०१३-१४च्या हिवाळ्यात मोठा पूर आला होता, कादंबरी त्याच पुरात घडते. गावाभोवती पाणी चढतंय आणि नायिका पाऊस थांबावा म्हणून विधी करते. पहिल्या खर्ड्यात विधी संपताच ढग फाटले होते. ती पानं त्यांनी मला दाखवली, सगळ्यावर तिरकी रेघ. नव्या खर्ड्यात पाऊस दोन तासांनी थांबतो आणि रेडिओने सकाळीच तसा अंदाज सांगितलेला असतो. पण विधीत नायिकेने बदल्यात शब्द दिलाय: हे गाव सोडणार नाही. पाऊस कशाने थांबला हे कुणालाच सांगता येत नाही. दिलेला शब्द मात्र खरा. पुढची दीडशे पानं त्या शब्दाची आहेत. जादू म्हणजे इच्छेने स्वतःच्या जाणिवेत बदल घडवणं, अशी एक व्याख्या डायन फॉर्च्यूनच्या नावाने सांगतात. या व्याख्येचं कथानक कसं होतं, ते मला त्या पानांत समजलं.

नारायण धारपांच्या कथांत ‘समर्थ’ हे पात्र अमानवी शक्तींशी झुंजतं तेव्हा त्या शक्तींबद्दल शंका उरत नाही, आणि त्या कथांवर माझं प्रेम आहे. इथे शंका कथेतच नांदते. मला हे अधिक अवघड वाटतं आणि अधिक प्रामाणिकही.

तरी महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने विचारायलाच हवं होतं, ते विचारलं. आमच्याकडे डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, बुवाबाजीने माणसं मरताना आम्ही पाहिली आहेत. कुणी तुमची कादंबरी वाचून औषध सोडलं तर? त्यांनी हस्तलिखित चाळून एक प्रसंग काढून दिला. आजारी मुलीला विधी करणाऱ्या सगळ्याजणी आधी रुग्णालयात नेतात. विधी होतो तो बाहेरच्या खुर्च्यांवर, हातात हात घेऊन, डॉक्टर आत असताना. “आम्ही असंच करतो,” त्या म्हणाल्या, “मग वेगळं का लिहू?” विका पंथाची अखंड प्राचीन परंपरा असल्याचा दावा इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९च्या ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’मध्ये तपासला आणि तो टिकला नाही. तेही पुस्तक त्यांच्या टेबलावर होतं, खुणा केलेलं. इंग्लंड-वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म ‘पेगन’ असा लिहिला. त्यातल्या कुणाला आपलं पुस्तक खोटं वाटू नये, एवढी त्यांना काळजी.

रेडिओच्या अंदाजाचं वाक्य काढावं, त्याने जादू मरते, असं संपादकांचं मत होतं. ते वाक्य त्यांनी ठेवलं आहे. मंत्राच्या मात्र आता चारच ओळी उरल्यात. अकरा अंशांत तेवढ्याच बसतात.