पत कोणाची, वाटा कोणाचा?

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या अवर्षणप्रवण टापूतील कोरडी माळराने पाहणाऱ्यास या भूमीचा सोन्याशी काही संबंध असेल, अशी पुसट शंकाही येणार नाही. परंतु देशाच्या कोणत्याही भागातील सराफपेठेत जुने सोने गाळून शुद्ध करून देणारा गलाई व्यावसायिक भेटला, तर तो पुष्कळदा याच टापूतला निघतो. पेठेतल्या एखाद्या बोळात लहानसा गाळा, आत धगधगणारी भट्टी. सोनार मोड घेऊन येतो, ती तोलून मुशीत पडते, तिचा रस होतो, आम्लाच्या साहाय्याने हिणकस धातू निघून जातात आणि उरलेले शुद्ध सोने पुन्हा तराजूत बसते. भाषा परकी, मुलूख परका आणि हाती दुसऱ्याचे सोने, अशा स्थितीत हा व्यवहार कोणत्या बळावर चालतो?

तो चालतो गावाच्या नावावर. गाळ्यावर कामाला येणारा पोरगा भाऊबंदांतला, सोयऱ्यांतला किंवा शेजारच्या वाडीतला असतो. त्याचे आईवडील, शेत आणि उद्याची सोयरीक ही सारी गावी असल्यामुळे त्याने परमुलखात केलेली लबाडी केवळ पेढीपुरती न राहता घरापर्यंत पोहोचते. एकाच्या अप्रामाणिकपणाने सर्वांच्या नावाला बट्टा लागतो, म्हणून प्रत्येकाची प्रत्येकावर नजर असते. मागणी व पुरवठा यांवरून भाव ठरतो हे खरे. परंतु भाव ठरण्यापूर्वी समोरचा मनुष्य शब्द पाळील ही खात्री लागते, आणि ती बाजार निर्माण करीत नाही, समाज करतो. अर्थशास्त्राचे १९९३ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले डग्लस नॉर्थ यांनी आर्थिक इतिहासाच्या अभ्यासात लिखित कायद्यांइतकेच अलिखित संकेतांनाही महत्त्व दिले, ते याच कारणासाठी. मात्र नात्यागोत्यावर उभ्या असलेल्या विश्वासाला कुंपणही नात्यागोत्याचेच असते. ज्याची ओळख नाही, त्याला पतही नाही.

मग विश्वासाची जागा कागदाने घ्यावी काय? हा प्रयोग या मुलखाने एकोणिसाव्या शतकात अनुभवला. रयतवारीत जमिनीची मोजणी होऊन खाते रयतेच्या नावे चढले, तशी ती जमीन कर्जाला उत्तम तारण ठरली. पूर्वी वसुलीसाठी गावाची मर्जी सांभाळणाऱ्या सावकारास आता दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा पुरेसा झाला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे भडकलेल्या आणि पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरातील कर्जरोख्यांवर होता, यातच सारे आले. पुढे १८७९ च्या कायद्याने पुणे, नगर, सोलापूर व सातारा या जिल्ह्यांत दस्तऐवजामागील कर्जाची पूर्वपीठिका तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. पण रयतेची निकड तीच राहिली व कर्ज देणारा दुसरा कोणी नव्हता. म्हणून गहाणखताच्या जागी खरेदीखत लिहून घेऊन जमीन परत करण्याचे वचन केवळ तोंडी देण्याचा शिरस्ता पडला, आणि कायद्याला बगल मिळाली.

ही कोंडी फोडण्यासाठी सहकार आला. १९०४ च्या कायद्याने पतसंस्थांचा पाया घातला आणि स्वातंत्र्यानंतर सांगलीत वसंतदादा पाटील यांनी व रेठरे बुद्रुक येथे यशवंतराव मोहिते यांनी साखर कारखान्यांची उभारणी केली. तोडलेला ऊस थांबत नाही. गाळपाला उशीर झाला की उतारा घसरतो, म्हणून कारखानदारापुढे एकटा शेतकरी अगतिक असतो. उलट उसाची हमी नसलेला कारखाना तोट्यात बुडतो. शेतकऱ्यालाच भागधारक करून आणि प्रत्येक सभासदास एकच मत देऊन हा परस्परांचा धाक सहकाराने परस्परांच्या हितात बदलला. कारखान्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या गावोगावच्या शाळा, रस्ते व दवाखाने यांच्याकडे पाहिले, म्हणजे या बदलाचे मोल कळते.

परंतु मत एक असले तरी वजन एक नसते. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी व देबराज रे यांनी महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांवर केलेले संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. बड्या बागायतदारांच्या हाती सूत्रे असली, की सर्वांना देय असलेला ऊसदर दाबून शिल्लक रकमेवर नियंत्रण मिळवण्याचा मोह त्यांना होतो आणि सभासदांतील विषमतेचा परिणाम थेट दरावर उमटतो, असे त्यांनी दाखवले. शिवाय मराठवाड्यातून उचल घेऊन येणारा, मुकादमाच्या शब्दाला बांधलेला ऊसतोड मजूर या सहकारात सभासद नाहीच; ज्याच्या कोयत्यावर हंगाम चालतो, त्याला भागधारकाची खुर्ची नाही.

या कुंपणालाच हात घालणारा प्रयत्न खानापूर तालुक्यात झाला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार आणि दुष्काळाने पोळलेले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. येरळा नदीच्या पात्रातील वाळूच्या विक्रीतून पैसा उभा करून तांदुळवाडी-बलवडी येथे बळीराजा धरण बांधले गेले. पाणी जमिनीच्या मागे जाते आणि जमीन वारशाच्या मागे, हा शिरस्ता तेथे मोडला गेला. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा पाण्यावर हक्क मानण्यात आला. धरण लहान होते, तत्त्व फार मोठे होते.

आज टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी या भागातील कोरड्या तालुक्यांत खेळू लागले आहे. किती पाणी किती उंचीवर चढवायचे हे अभियंता सांगू शकतो. ते कोणाच्या वाट्याला जावे, हे मात्र समाजालाच ठरवावे लागते. ओळखीवर चालणारी पत, दस्तऐवजाचा कायदा आणि एक सभासद एक मत हा सहकार, या तिन्ही व्यवस्थांनी त्या त्या काळी मोठे काम केले. आणि तिन्ही थकल्या त्या एकाच ठिकाणी, जेथे नियम पाळणाऱ्यास नियम करण्यात वाटा नव्हता. पाण्याच्या वाटपाचे नियम लिहिताना भूमिहीनास आणि उसाच्या हंगामाचे करार करताना तोडणी मजुरास बैठकीत बसवणे हा उपकार नव्हे. ती व्यवस्था टिकवण्याची पहिली अट आहे.