पितळेला सपाट, लोखंडाला उतार: छोट्या लेथवरच्या टूलची गोष्ट

(हे आपल्या ऑडिओ भागाचं लिखित रूप आहे. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून बोललेलं थोडं नीट करून इथे दिलंय.)

आजचा विषय आहे छोटा लेथ. घराच्या मागच्या खोलीत, टेबलावर मावणारा, सिंगल फेजवर चालणारा. लेथला मराठीत कातयंत्र म्हणतात आणि आयटीआयच्या यादीत टर्नरच्या ट्रेडचं नाव आहे ‘कातारी’. शब्द जुना आहे, पण काम आजही तेच: जॉब फिरतो, टूल कातत जातं.

भंडाऱ्यात बसून हा विषय घ्यायला कारण आहे. आपलं शहर पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे आणि गडेगावला अशोक लेलँडचा. म्हणजे पितळ आणि पोलाद, दोन्ही आपल्या ओळखीचे धातू. लेथवर मात्र या दोघांचा स्वभाव अगदी उलटा आहे. नवीन माणूस दोघांना एकच टूल लावतो आणि मग म्हणतो, मशीनच खराब आहे!

टूलच्या माथ्यावरचा उतार

टूलचं टोक बाजूने बघा. कातणाऱ्या धारेपासून टूलचा वरचा भाग मागे खाली उतरत जातो. या उताराला ‘रेक’ म्हणतात. लोखंडाला, म्हणजे एम.एस. रॉडला, हा उतार हवाच. साधारण १२ ते १५ अंश ठेवा. त्याने धातू सहज सोलला जातो, जोर कमी लागतो आणि लांब कुरळी चिप निघते.

पितळेला हाच उतार घातक. काहून? पितळ ठिसूळपणे तुटतं, त्याचा बारीक कीस पडतो आणि कापायला जोर फारसा लागत नाही. अशा वेळी उतार असलेलं टूल स्वतःच धातूत ओढलं जातं. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूमध्ये थोडी ढिलाई असतेच. टूल तेवढं एका झटक्यात आत घुसतं. कारखान्यातला मोठा लेथ आपल्या वजनावर हा झटका पचवतो. छोट्या लेथवर जॉब चकमधून सुटून उडू शकतो.

म्हणून पितळेसाठी टूलचा माथा सपाट ठेवा, रेक शून्य. धारेच्या खालच्या बाजूला, समोर आणि कडेला, ८ ते १० अंशांची मोकळीक दोन्ही टूलना द्या. नाहीतर धार कापणार नाही, नुसती घासेल.

ड्रिलचंही तसंच. साधं ड्रिल पितळेत फसतं. त्याच्या दोन्ही धारांवर बारीक दगडाने अगदी छोटी सपाट पट्टी काढा. पितळेसाठीची दोन-तीन ड्रिल वेगळी ठेवा आणि रंगाने खूण करा.

एचएसएस आधी, कार्बाइड नंतर

ऑनलाइन बघितलं की कार्बाइड इन्सर्टचे चकचकीत सेट दिसतात. कार्बाइडला जास्त वेग आणि मजबूत मशीन लागतं, झटका बसला की त्याची धार तुटते. सुरुवातीला ८ किंवा १० मिलिमीटरचे एचएसएसचे चौकोनी बिट घ्या. साध्या बेंच ग्राइंडरच्या करड्या चाकावर त्यांना हवा तो कोन देता येतो. घासताना मधूनमधून पाण्यात बुडवा, म्हणजे बोटं भाजणार नाहीत. दोन बिट घ्या: एकाला उतार, दुसऱ्याचा माथा सपाट. निम्मं काम तिथेच झालं.

टोक मध्यावर आहे का?

टूलचं टोक जॉबच्या बरोबर मध्याच्या उंचीवर हवं. मशीन बंद ठेवा. गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये स्टीलची पातळ पट्टी हलकेच धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. पट्टीचा वरचा भाग तुमच्याकडे झुकला तर टूल खाली आहे, खालून पत्र्याची पॅकिंग घाला. पलीकडे झुकला तर टूल वर आहे, पॅकिंग काढा.

शेवटची खात्री फेसिंग करून होते. मधोमध छोटं टोक उरलं, तर उंची अजून चुकलेली आहे.

टूल पोस्टमधून जेमतेम गरजेपुरतंच बाहेर काढा. जॉब चकबाहेर व्यासाच्या तिप्पटीपेक्षा जास्त लांब असेल, तर टेलस्टॉकच्या सेंटरचा आधार द्या. मशीन किर्रर्र करायला लागलं, जॉबवर लाटा उमटल्या, की पहिल्यांदा या दोनच गोष्टी तपासा.

वेगाचा हिशोब

एचएसएस टूलने लोखंड मिनिटाला साधारण २५ मीटर वेगाने कातायचं, पितळ ६० मीटरने. फेरे काढायची सोपी रीत: या आकड्याला ३१८ ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा. २५ मिलिमीटरच्या रॉडला लोखंडासाठी ३१८ फेरे येतात, पितळेसाठी ७६३ च्या आसपास. व्यास कमी झाला की फेरे वाढवा. लोखंडाला थोडं तेल लावा, पितळ कोरडंच चालतं.

भंगारातलं पितळ

जुनं भांडं कातायला घेऊ नका, पत्रा पातळ असतो. जुन्या नळाचे जाड तुकडे बरे. आधी चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर फक्त मुलामा. मग कानशीने कोपरा घासा. आतून पांढुरकं-करडं निघालं तर ते पितळ नाही. नवीन रॉड घेणार असाल तर ‘फ्री कटिंग ब्रास’ मागा, भारतीय मानक आयएस ३१९. त्यात कातायला सोपं जावं म्हणून शिसं घातलेलं असतं. म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवा. कीस फुंकू नका आणि तिथे बसून खाऊ नका.

हे मात्र पाळाच

चकची चावी चकमध्ये सोडून मशीन सुरू झालं, तर ती गोळीसारखी सुटते. नियम एकच: हात चावीवरून निघाला, की चावी चकमधून निघाली.

हातमोजे, लांब बाह्या, ओढणी, गळ्यातला दोरा, इयरफोनची वायर: लेथजवळ यातलं काहीच नको. हो, आपला पॉडकास्टसुद्धा मशीन बंद करूनच ऐका! फिरत्या चकने कापड पकडलं, तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. पितळेचा कीस सुईसारखा उडतो, गॉगल लावा. लोखंडाची लांब चिप ब्लेडसारखी कापते. मशीन थांबवून ती ब्रशने किंवा आकड्याने काढा, हाताने कधीच नाही.

पहिलं काम: पितळी भोवरा

२५ मिलिमीटरचा पितळी रॉड घ्या. फेसिंग, टर्निंग, मग उतरता निमुळता कट आणि शेवटी पार्टिंग. पार्टिंग चकच्या अगदी जवळ करा, फेरे कमी ठेवा आणि कॅरेज लॉक करा. भोवरा फिरवा. डगमगला तर जॉब चकमध्ये मधेच काढून पुन्हा वाकडा बसवला का, ते बघा. सगळे कट एकाच पकडीत घेतले, तर भोवरा छान फिरतो.

आयटीआयला जाणाऱ्यांसाठी एक शेवटचं. उद्या सीएनसीवर काम मिळालं, तर तिथे टूल ग्राइंडरवर घासत बसणार नाही, इन्सर्ट निवडाल. पण कुठल्या धातूला सपाट आणि कुठल्याला उतार, हा प्रश्न तोच राहतो. छोट्या लेथवर हाताने घासलेल्या दोन बिटांनी ते एकदा समजलं, की मोठ्या मशीनवरही कामाला येतं.

तुमच्या भोवऱ्याचा व्हिडिओ नक्की पाठवा. पुढच्या भागात बघू, छोट्या लेथवर आटे कसे पाडायचे. तोवर, चावी काढली ना?