लॅपटॉप घेताना रॅम विचारता, बटणं दाबून बघता का?



या आठवड्याच्या व्हिडिओत घरबसल्या टायपिंग आणि डीटीपीचं जॉबवर्क कसं सुरू करायचं ते आपण पाहिलं. दर, गिऱ्हाईक, जागा असं सगळं त्यात आलं. एक गोष्ट मात्र वेळेअभावी राहून गेली, ती इथे सविस्तर लिहितो. गोष्ट आहे कीबोर्डची. हसू नका, यात पैसे अडकलेले आहेत.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी मागच्या वर्षी हप्त्यावर लॅपटॉप घेतला. पातळ, चकचकीत, वजनाला हलका. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट अशी कामं त्यांना मिळायला लागली होती. दीड महिन्याने फोन आला, "सर, लॅपटॉप दिसायला एकदम भारी आहे, पण दहा-बारा पानं झाली की बोटांची टोकं ठणकतात. आणि अक्षरं गाळतो तो. मी वेलांटी मारलेली असते, पण ती येतच नाही."

त्यांना वाटलं आपलाच स्पीड गेला. मी आधी विचारलं, टायपिंग कुठे शिकलात? तर गावातल्या जुन्या इन्स्टिट्यूटमध्ये, टाईपरायटरवर. तिथेच अर्धा उलगडा झाला.

गोदरेजचा भारतीय बनावटीचा पहिला टाईपरायटर १९५५ साली आला, आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यात या मशीनवर कित्येक पिढ्यांनी हात बसवला. आता शासनाची टायपिंगची परीक्षा संगणकावर होते, पण ज्यांचा हात मशीनवर बसला त्यांची ठोकायची सवय जात नाही. टाईपरायटरचं बटण सेंटीमीटरभर खाली जायचं आणि जोर लावल्याशिवाय कागदावर अक्षर उमटायचं नाही. तोच हात पातळ लॅपटॉपवर आला की बोट एक मिलिमीटरमध्ये खालच्या पत्र्यावर आपटतं. दिवसभर टेबलावर बोटं आपटल्यासारखंच झालं ते.

बटण किती खाली जातं, त्याला 'की ट्रॅव्हल' म्हणतात. डेस्कटॉपच्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये ते साधारण ४ मिलिमीटर असतं, आणि अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटतं. म्हणजे अर्ध्या वाटेत काम झालेलं असतं, तळाला आपटायची गरजच नाही. लॅपटॉपमध्ये हेच अंतर बहुतेक वेळा १ ते १.८ मिलिमीटरच्या दरम्यान असतं. आत रबराची छोटीशी टोपी असते आणि तिच्याभोवती कात्रीसारखी प्लास्टिकची यंत्रणा. टोपी दबून बसली की खाली संपर्क होतो आणि अक्षर उमटतं, म्हणजे जवळपास तळाशीच.

पण नुसतं अंतर बघून फसू नका. १.५ मिलिमीटरचे दोन कीबोर्ड शेजारी ठेवले तर एक लोण्यासारखा लागेल आणि दुसरा ओल्या स्पंजसारखा. चांगल्या बटणाला सुरुवातीला थोडा विरोध असतो, मग ते एकदम 'टक्' करून बसतं आणि बोटाला पटकन वर ढकलतं. अक्षर उमटलं हे बोटाला कळतं, डोळ्यांनी तपासावं लागत नाही. खराब बटण नुसतं दबतं. उमटलं की नाही याची खात्री नसते, म्हणून आपण नकळत जास्त जोर लावतो. ताईंचं नेमकं तेच होत होतं. उलट, फार खोल आणि फार कडक बटणंही दिवसभराच्या कामाला चांगली नाहीत, बोट उगाच दमतं.

पातळपणाच्या हौसेपायी मोठेमोठे फसलेत, बरं का. ॲपलने २०१५ साली १२ इंची मॅकबुकमध्ये 'बटरफ्लाय' नावाचा कीबोर्ड आणला. बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं. धुळीचा बारीक कण आत गेला की बटण अडकायचं, नाहीतर एक अक्षर दोनदा उमटायचं. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या शेवटी १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये पुन्हा जुनी कात्रीची यंत्रणा आणि १ मिलिमीटर अंतर आलं, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यांच्याकडे ५ कोटी डॉलर होते. आपल्याकडे हप्ता असतो.

आता हिशोब करू

टायपिंगमध्ये ५ ठोके म्हणजे एक शब्द धरतात. ३० च्या स्पीडने मिनिटाला १५० ठोके, तासाला ९,०००. दिवसाला ४ तास खरं टायपिंग केलं तर ३६,००० ठोके. प्रत्येक ठोक्याला बोट पत्र्यावर आपटतंय, हे डोळ्यांसमोर आणा.

पैशाचंही बघा. समजा पानाला ३० रुपये दर आहे. पान १५ मिनिटांत झालं तर तासाला ४ पानं, म्हणजे १२० रुपये. गाळलेली अक्षरं दुरुस्त करत तेच पान २० मिनिटांवर गेलं तर तासाला ३ पानं, ९० रुपये. रोजचे ४ तास आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर फरक ३,००० रुपयांचा. अनेकांचा लॅपटॉपचा हप्ता यात निघतो.

कोणी म्हणेल, सर, आता व्हॉईस टायपिंग आहे की! आहे, मीही वापरतो. पण खरेदीखतातला गट नंबर, चतुःसीमा, वारसांची नावं शेवटी हातानेच दुरुस्त करावी लागतात, आणि तिथली एक चूक गिऱ्हाईकाला पुन्हा रजिस्ट्रार ऑफिसला पाठवते. ते गिऱ्हाईक परत येत नाही.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी एक वेगळी बाब सांगतो. इन्स्क्रिप्ट पद्धतीत पाय मोडायचा हलंत 'डी'च्या बटणावर असतो, काना 'ई'वर. 'विद्यार्थी' हा एक शब्द लिहायला दहा बटणं लागतात, त्यात 'डी' दोनदा आणि 'थ'साठी शिफ्ट. ख, घ, थ, ध, फ ही सगळी शिफ्टवाली मंडळी. म्हणजे इंग्रजीत शिफ्टला जेवढं काम, त्याच्या कितीतरी पट मराठीत. आणि काही लॅपटॉपमध्ये नेमका शिफ्टच आखूड केलेला असतो! करंगळी दरवेळी ताणावी लागते. दुकानात हे कोणी सांगणार नाही. मराठी अक्षरांचे स्टिकर लावत असाल तर तेही जाड नकोत, कडा उचलल्या की बोट अडतं.

दुकानात उभं राहून काय करायचं

दुकानदाराला नोटपॅड उघडून द्यायला सांगा आणि आपलं रोजचं काम टाईप करा. भाडेकराराची सुरुवात पाठ असेल तर तीच. एक मिनिट नको, दहा मिनिटं. आणि बसून. शोकेसच्या उंच काउंटरवर उभं राहून टाईप केलं तर काहीच कळत नाही. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. त्याला पुढचं गिऱ्हाईक आहे, तुम्हाला पुढची तीन-चार वर्षं काढायचीत.

टाईप करताना स्क्रीनकडे बघू नका. नंतर वाचा, किती अक्षरं गळली ती मोजा. 'एफ' आणि 'जे' वरच्या उंचवट्यांना बोट आपोआप सापडतं का बघा. कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबा. पृष्ठभाग ट्रॅम्पोलिनसारखा खाली जात असेल तर तो लॅपटॉप टायपिंगच्या धंद्याचा नाही. बटणाच्या कोपऱ्यावर दाबलं तरी अक्षर उमटलं पाहिजे. आणि दोन शेजारच्या बटणांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर साधारण १९ मिलिमीटर हवं. छोट्या ११-१२ इंची मशीनमध्ये ते कमी केलेलं असू शकतं.

टॅली, जीएसटीची बिलं, आकड्यांचं काम करणार असाल तर उजवीकडचा नंबर पॅड लागतोच. १५.६ इंचीमध्ये तो बऱ्याचदा मिळतो, पण मग मुख्य कीबोर्ड डावीकडे सरकतो आणि आपण तासन् तास तिरके बसतो. १४ इंची घेऊन वेगळा यूएसबी नंबर पॅड जोडणं मला जास्त पटतं.

आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: कीबोर्ड वेगळा बदलता येतो का? पुष्कळ पातळ मॉडेलमध्ये तो वरच्या बॉडीला पक्का बसवलेला असतो. चहा सांडला की अख्खा भाग बदला. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप, म्हणजे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक वगैरे, जाडजूड दिसतात, पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलचा कीबोर्ड टायपिंगला सुखाचा आणि वेगळा बदलता येणारा असतो. लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या खात्रीच्या दुकानात बिल आणि वॉरंटीसह मिळाला तर जरूर विचार करा. बॅटरी मात्र तपासूनच घ्या.

लॅपटॉप आधीच घेऊन झाला असेल तर? ताईंचंही तेच होतं, हप्ते चालू होते, बदलायची सोय नव्हती. त्यांना मी साधा यूएसबी कीबोर्ड घ्यायला लावला, हजाराच्या आतला. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवला, म्हणजे स्क्रीन डोळ्यांसमोर आली आणि मान सरळ झाली. कीबोर्ड खाली टेबलावर, कोपर काटकोनात, मनगट सरळ. मागचे छोटे पाय उघडायचे नाहीत, त्याने मनगट वर वाकतं. ठोकायची सवय घालवायला रोज सुरुवातीची दहा मिनिटं मुद्दाम हळू आणि हलक्या हाताने टाईप करायचं. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर मात्र कीबोर्डच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा. ताईंना ते नव्हतं, नुसती ठणक होती.

तीन आठवड्यांनी त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. खाली कीबोर्ड, वर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर तो चकचकीत लॅपटॉप. सोबत लिहिलं होतं, "सर, आज अठरा पानं झाली. पुस्तकं मुलाची आहेत, परीक्षा आली की परत द्यावी लागतील, तेवढं स्टँडचं बघा."

स्टँड घेतला त्यांनी नंतर. पुढच्या आठवड्यात प्रिंटर: इंक की लेझर, आणि पानामागे खरा खर्च किती.